प्राणीघर नाही, एचपीएलसी नाही: मग औषधांचा चेतासंदेशांवरचा परिणाम अभ्यासायचा कसा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. प्रकल्पाचं नाव ठरलंय: ‘औषधांचा मेंदूतील न्यूरोट्रान्समीटरवर (चेतापेशींमधल्या रासायनिक संदेशवाहकांवर) होणारा परिणाम’. डोपामाइन, सेरोटोनिन आणि अॅसिटिलकोलीन तिन्ही मोजायचे आहेत आणि ब्राह्मी, शंखपुष्पी, धोत्रा यांचे अर्क तपासायचे आहेत. कॉलेजात प्राणीघर नाही, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नाही. एक जुना स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) आहे, एक साधा फ्रीज आहे आणि हातात चार महिने आहेत. दर पावसाळ्यात गावातली माणसं फवारणीच्या विषबाधेनं दवाखान्यात जाताना बघितली, म्हणून हा विषय घ्यावासा वाटला. फवारणी करणाऱ्या मजुरांचं रक्त तपासायचीही कल्पना आहे. आता त्या विचारतात, जमेल का, की विषयच बदलू?

विषय बदलू नका, प्रश्न लहान करा. तुमची खरी अडचण यंत्रांची नाही. तीन संदेशवाहक, तीन वनस्पती आणि अख्खा मेंदू एवढा पसारा मोठ्या संस्थेतल्या प्रयोगशाळेतही चार महिन्यांत आवरत नाही. आवरला तरी हातात आकडे येतात, उत्तर येत नाही.

का, ते आधी सांगतो. एका चेतापेशीकडून दुसऱ्या पेशीकडे रासायनिक संदेश जातो तो टप्प्याटप्प्यानं. संदेशवाहक तयार होतो, पुटिकांमध्ये (सूक्ष्म पिशव्यांमध्ये) साठतो, विद्युत आवेग आला की बाहेर सुटतो, पलीकडच्या पेशीवरच्या रिसेप्टरला (संदेश घेणाऱ्या जागेला) चिकटतो आणि शेवटी एकतर विकराकडून (एन्झाइमकडून) तोडला जातो किंवा परत आत ओढला जातो. औषध यांतल्या कुठल्याही टप्प्यावर बसू शकतं. सर्पगंधेतलं रेसर्पिन साठवण मोडतं. फ्लुओक्सेटिन सेरोटोनिनचं परत ओढलं जाणं अडवतं. हॅलोपेरिडॉल डोपामाइनच्या रिसेप्टरवर बसतं. आता मेंदूचा तुकडा वाटून त्यातलं एकूण डोपामाइन मोजलं, तर त्यातलं बहुतेक पुटिकांमध्ये नुसतं साठलेलं असतं. रेसर्पिननं ते धडाधड उतरलेलं दिसेल. हॅलोपेरिडॉलनं रिसेप्टर पार अडवले असतील, तरी एकूण साठा फारसा हललेला दिसणार नाही. म्हणून माझ्याकडे असा प्रस्ताव आला की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: कोणता संदेशवाहक, कोणता टप्पा, आणि त्या टप्प्यावर परिणाम झाला तर नेमकं काय बदललेलं दिसेल? या तिन्हीचं उत्तर एका वाक्यात आलं की प्रयोग निम्मा उभा राहिला.

तुमच्या परिस्थितीत उत्तर सरळ आहे. संदेशवाहक अॅसिटिलकोलीन, आणि टप्पे दोन: त्याचं तुटणं आणि मस्करिनिक रिसेप्टरवर (अॅसिटिलकोलीनच्या रिसेप्टरचा एक प्रकार) त्याचं काम. पहिल्या टप्प्यासाठी खाटकाकडचा बकऱ्याचा भेजा आणि तुमचा स्पेक्ट्रोफोटोमीटर पुरतो. दुसऱ्यासाठी चिकनच्या दुकानातलं कोंबडीचं आतडं आणि ऑर्गन बाथ (अवयवाचा तुकडा जिवंत ठेवून त्याचं आकुंचन नोंदवायचं भांडं) लागतो. तो तुमच्याकडे नसेल, पण फार्मसी कॉलेजात हमखास असतो. दोन्ही गोष्टी मिळाल्या तर प्रकल्प उत्तम होईल. फक्त पहिली मिळाली तरी एम.एस्सी.ला पुरून उरेल.

परवानगीचं एकदा स्पष्ट करून घ्या. जिवंत प्राण्यांवर प्रयोग करायचे तर १९६० च्या प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीकडे संस्थेची नोंदणी आणि संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी लागते. ती नसताना उंदीर, बेडूक काहीही आणू नका. खाण्यासाठी कापलेल्या जनावराचे अवयव वापरणं हा सर्वसाधारणपणे प्राण्यांवरचा प्रयोग धरला जात नाही. तरी विभागप्रमुखांची लेखी संमती आणि ऊतक कुठून आणलं याची नोंद फाइलला लावा, मौखिक परीक्षेत हे विचारतातच.

आता पहिला भाग, भेज्यातलं अॅसिटिलकोलिनएस्टरेज, म्हणजे अॅसिटिलकोलीन तोडणारा विकर. एलमन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दिलेली पद्धत आजही जगभर वापरतात. खऱ्या अॅसिटिलकोलीनऐवजी विकराला अॅसिटिलथायोकोलीन द्यायचं. ते तुटलं की थायोकोलीन निघतं, ते डीटीएनबी नावाच्या रसायनाशी जुळतं आणि पिवळा रंग येतो. हा रंग ४१२ नॅनोमीटरवर मोजतात. मिनिटाला पिवळेपणा किती वाढतो, तो विकराचा वेग. स्पेक्ट्रोफोटोमीटर बिघडला तर ४२० च्या फिल्टरचा साधा कलरीमीटर चालतो. मात्र मग वेग खऱ्या एककात सांगू नका, फक्त टक्क्यांतला अवरोध सांगा.

द्रावणं अशी करा. ०.१ मोलर फॉस्फेट बफर, पीएच ८.०. त्याच ताकदीचा पीएच ७.० चा थोडा बफर वेगळा. डीटीएनबी ३९.६ मिग्रॅ घेऊन पीएच ७.० च्या १० मिली बफरमध्ये विरघळवा आणि त्यात १५ मिग्रॅ सोडियम बायकार्बोनेट टाका, म्हणजे ०.०१ मोलर झालं. ही बाटली फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा. डीटीएनबी पीएच ८ मध्ये करून ठेवलं तर ते हळूहळू आपोआप पिवळं पडतं, म्हणून ७. अॅसिटिलथायोकोलीन आयोडाइड २१.७ मिग्रॅ दर मिलीला, म्हणजे ०.०७५ मोलर. हे रोजच्या रोज लागेल तेवढंच करा आणि बर्फावर ठेवा. पाणी डिस्टिल्डच हवं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड असतं. त्यातलं कॅल्शियम फॉस्फेटशी जुळून बफर गढूळ होतो, आणि गढूळपणा यंत्राला पिवळेपणाच वाटतो.

भेजा सकाळी पहिल्या कापणीचा घ्या. खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, डबा आणि बर्फ स्वतः न्या. बर्फ मासळीवाल्याकडे किंवा आइसकँडीच्या कारखान्यात मिळतो. बर्फ डब्याच्या बाहेर राहू द्या, ऊतक पाण्यात भिजता कामा नये. दरवेळी भेज्याचा तोच भाग वापरा. कॉडेट भागात हा विकर भरपूर असतो, बाह्यकात त्यामानानं कमी. आज एक भाग आणि उद्या दुसरा घेतला तर आकडे कधीच जुळणार नाहीत. अर्धा ग्रॅम ऊतक २५ मिली थंड बफरमध्ये (पीएच ८) काचेच्या होमोजिनायझरमध्ये वाटा, म्हणजे २० मिग्रॅ दर मिली झालं. होमोजिनायझर नसेल तर बर्फात ठेवलेला खल चालतो, फक्त वेळ सारखा ठेवा.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक नव्या विद्यार्थ्याकडून होते. वाटलेलं मिश्रण सेंट्रीफ्यूजला जोरात फिरवायचं, वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं आणि गाळ टाकून द्यायचा. मेंदूतला हा विकर बहुतांशी पटलाला चिकटलेला असतो, म्हणजे तो गाळाबरोबर मोरीत जातो. फिरवू नका. आख्खं मिश्रण वापरा आणि पिपेटनं घेण्याआधी दरवेळी हलवा. त्यात तंतू फार असतील तर दुहेरी मलमलच्या कापडातून गाळा.

क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या पारदर्शक नळीत) २.६ मिली बफर (पीएच ८), ०.४ मिली मिश्रण आणि १०० मायक्रोलिटर डीटीएनबी. आता थांबा. ऊतकातल्या प्रथिनांवरचे स्वतःचे सल्फहायड्रिल गट आधी डीटीएनबीशी जुळतात आणि पिवळा रंग आपोआप चढतो. पाच ते दहा मिनिटांत तो स्थिर होतो. स्थिर झाल्यावरच २० मायक्रोलिटर अॅसिटिलथायोकोलीन टाका, उलटसुलट करून मिसळा आणि दर ३० सेकंदांनी पाच मिनिटं वाचन घ्या. ही पाच-दहा मिनिटांची वाट न पाहणं हे ‘वेग सुरुवातीला जास्त, मग कमी’ अशा वाकड्या रेषेचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

रेषा सरळ असायला हवी. मिनिटाला ०.०३ ते ०.१ च्या आसपास वाढ सोयीची. त्याहून बरीच जास्त आली तर ऊतक पातळ करा, सब्स्ट्रेट (विकर ज्याला तोडतो ते, इथे अॅसिटिलथायोकोलीन) वाढवू नका. हा विकर जास्त सब्स्ट्रेटनं स्वतःच मंदावतो, त्यामुळे ‘आणखी घातलं म्हणजे वेग वाढेल’ हा हिशेब इथे उलटा पडतो. वेगाचं सूत्र: मिनिटाची वाढ गुणिले ५.७४ × १०⁻⁴, भागिले मूळ मिश्रणातलं ऊतक (मिग्रॅ दर मिली). वाढ ०.०८ आणि ऊतक २० असेल तर उत्तर साधारण २.३ मायक्रोमोल दर मिनिट, दर ग्रॅम ऊतक. ५.७४ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. रंगाचा शोषणांक १३,६०० आणि एकूण ३.१२ मिलीत ०.४ मिली मिश्रण, यातून तो येतो. तुम्ही आकारमानं बदललीत की सूत्रही बदलेल.

दोन ब्लँक (एखादा घटक वगळून तुलनेसाठी केलेले नमुने) रोज लावा. एक विकराशिवायचा, कारण अॅसिटिलथायोकोलीन पीएच ८ ला आपोआपही थोडं तुटतं. दुसरा सब्स्ट्रेटशिवायचा. पहिल्या ब्लँकला विदर्भात विशेष महत्त्व आहे. डिसेंबरात सकाळी प्रयोगशाळा २० अंशांना असते आणि मेमध्ये दुपारी ४० च्या वर. आपोआप तुटणं आणि विकराचा वेग दोन्ही तापमानाबरोबर वाढतात, पण सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. क्युव्हेट ठेवायची जागा तापमान नियंत्रित नसेल तर बफर आधी ३० अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा, काम सकाळी करा आणि प्रत्येक वाचनाशेजारी तापमान लिहा. एकाच दिवसाचं कंट्रोल (औषध न घातलेला नमुना) त्याच दिवसाच्या नमुन्यांशी ताडा, मागच्या आठवड्याच्या कंट्रोलशी कधीच नाही. यंत्राला स्टॅबिलायझर लावा आणि दिवा निदान २० मिनिटं तापू द्या. वीज जाऊन आली की शून्य पुन्हा लावा. होमोजेनेट (वाटलेलं मिश्रण) ‘फ्रीजरमध्ये आहे’ म्हणून विसंबू नका. लोडशेडिंगमध्ये ते दोनदा वितळून पुन्हा गोठलं असेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

हे सगळं जमलं की मग औषध. आधी वनस्पती नकोत. ज्याचं उत्तर जगाला माहीत आहे असं औषध घ्या, म्हणजे आपली पद्धत खरं बोलते का ते कळेल. मी दोन सुचवतो, निओस्टिग्मिन आणि डोनेपेझिल. दोन्ही हाच विकर अडवतात, पण वेगळ्या तऱ्हेनं, आणि तुमच्या प्रकल्पाचा खरा गाभा या फरकात आहे. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं आहेत, त्यामुळे कॉलेजच्या पत्रावर रीतसर घ्या.

निओस्टिग्मिनच्या इंजेक्शनमध्ये दर मिलीला ०.५ मिग्रॅ असतं, म्हणजे साधारण १.५ मिलीमोलर. एक मिलीत १४ मिली बफर घातला की १०० मायक्रोमोलर. त्यातून दहा-दहा पटीनं पातळ करत १०, १ आणि ०.१ मायक्रोमोलर करा. क्युव्हेटमध्ये बफर २.५ मिली घ्या आणि १०० मायक्रोलिटर औषध टाका. औषध तिथे ३१ पट पातळ होतं, त्यामुळे शेवटची तीव्रता साधारण ३ मायक्रोमोलरपासून ३ नॅनोमोलरपर्यंत मिळते आणि अर्धा अवरोध (विकराचा वेग निम्मा होणं) या पट्ट्यात कुठेतरी सापडायला हवा. डोनेपेझिलची ५ मिग्रॅची गोळी चुरून १२ मिली पाण्यात हलवा आणि गाळा, साधारण १ मिलीमोलर मिळेल. गोळीतल्या भरावाचा परिणाम नाही हे दाखवायला शुद्ध पावडर मिळाली तर बरंच, नाहीतर तसं अहवालात स्पष्ट लिहा.

आता महत्त्वाचं. डोनेपेझिल विकराच्या खोबणीत बसतं आणि निघूही शकतं, त्याचा रासायनिक बंध होत नाही. निओस्टिग्मिन मात्र कार्बामेट आहे. विकर त्याला सब्स्ट्रेट समजून तोडायला जातो आणि त्याचा एक तुकडा विकराच्या सेरीनला (विकरातल्या एका अमिनो आम्लाला) चिकटून बसतो. तो सुटतो, पण हळूहळू. फवारणीतली ऑर्गेनोफॉस्फरस औषधं त्याच सेरीनला फॉस्फरसचा तुकडा चिकटवतात, आणि तो आपणहून सुटण्याचा वेग फारच कमी असतो. एका विकराच्या एकाच जागेवर असे तीन प्रकारचे अडथळे येतात, आणि त्यावरून एक औषध स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला रोज देता येतं, दुसरं भूल उतरवताना टोचतात आणि तिसऱ्यानं माणूस मरतो.

हे तुम्ही साध्या सामानात दाखवू शकता. निओस्टिग्मिनची मधली एक तीव्रता निवडा आणि सब्स्ट्रेट टाकण्याआधी विकराबरोबर ०, ५, १५ आणि ३० मिनिटं ठेवा. अवरोध वेळेबरोबर वाढत जाईल. डोनेपेझिलमध्ये हा चढ बराच कमी दिसेल. म्हणून ‘निओस्टिग्मिनची अर्ध्या अवरोधाची तीव्रता अमुक’ हे वाक्य वेळ सांगितल्याशिवाय अपुरं असतं. दुसरी कसोटी पातळ करण्याची. घट्ट होमोजेनेट जास्त औषधाबरोबर अर्धा तास ठेवा, मग एकदम १०० पट पातळ करून वेग मोजा, आणि पुन्हा १५, ३०, ६० मिनिटांनी मोजा. औषध नुसतं बसलेलं असेल तर विकर लवकर परत येतो, चिकटलेलं असेल तर सावकाश. चार महिन्यांच्या प्रकल्पात एवढं नीट दाखवलंत, तर अवरोधाचे नुसते टक्के सांगणाऱ्या दहा प्रकल्पांपेक्षा ते मोलाचं आहे.

आता जे करू नका असं मला कळकळीनं सांगायचंय ते. कृषी केंद्रातून कीटकनाशकाची बाटली आणून भेज्यावर टाकू नका. धोका तर आहेच. तुमची सामान्य प्रयोगशाळा, उघडं बेसिन आणि साधे हातमोजे हे त्या कामासाठी नाहीत. शिवाय विज्ञान म्हणूनही ते फसवं आहे. बाटलीत मूळ रसायनाबरोबर विद्रावक आणि इमल्सिफायर असतात, तेही विकराला बिघडवतात. क्लोरपायरिफॉससारखं रसायन तर शरीरात यकृताकडून बदललं गेल्यावरच जोरदार अवरोधक बनतं. परीक्षानळीत ते सौम्य दिसेल आणि तुम्ही ‘हे सुरक्षित आहे’ असं लिहून बसाल. मोनोक्रोटोफॉसला तो बदल लागत नाही.

फवारणीच्या संदर्भात अहवालाच्या प्रस्तावनेत आणखी एक गोष्ट नक्की लिहा, कारण गावात सगळं ‘औषध’ एकाच नावानं जातं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर (कापसावर) फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून हा विषय राज्यभर बोलला जातो. पण पंपात जाणारी सगळी रसायनं कोलिनएस्टरेजवर काम करत नाहीत. मोनोक्रोटोफॉस आणि प्रोफेनोफॉस करतात. सायपरमेथ्रिन चेतातंतूच्या सोडियम वाहिनीवर काम करतं. इमिडाक्लोप्रिड निकोटिनिक रिसेप्टरवर बसतं. फिप्रोनिल गाबा या दुसऱ्या संदेशवाहकाच्या क्लोराइड वाहिनीला अडवतं, आणि डायफेन्थियुरॉन तर पेशीच्या ऊर्जानिर्मितीवरच घाव घालतं. एकाच टाकीत दोन-तीन मिसळली की लक्षणंही मिसळतात. अॅट्रोपिन मस्करिनिक रिसेप्टर अडवतं, म्हणून ऑर्गेनोफॉस्फरसच्या विषबाधेत छातीतला पाझर सुकवायला ते जीव वाचवतं. फिप्रोनिलच्या झटक्यांवर त्याचा काही उपयोग नाही. प्रॅलिडॉक्झिम विकरावरचा फॉस्फरस सोडवतं, पण वेळेत दिलं तरच. मिथाइल गटाच्या ऑर्गेनोफॉस्फरसमध्ये साधारण चार तासांत अर्धा विकर कायमचा निकामी स्थितीत जातो, इथाइल गटात त्याला सुमारे ३३ तास लागतात. म्हणून रिकामी बाटली रुग्णाबरोबर दवाखान्यात नेणं इतकं मोलाचं आहे.

मजुरांच्या रक्तातला विकर मोजायची कल्पना तुम्ही मांडली आहे. कल्पना चांगली आहे, पण स्वतःहून एकही नमुना घेऊ नका. माणसांच्या रक्तासाठी संस्थात्मक नीती समिती, लेखी संमती आणि वैद्यकीय देखरेख लागते. यवतमाळ किंवा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या औषधशास्त्र विभागाबरोबरच ते होऊ शकतं, आणि चार महिन्यांत बहुधा होणार नाही. पुढे केलंत तर लक्षात ठेवा, हिमोग्लोबिन ४१२ नॅनोमीटरजवळच जोरात प्रकाश शोषतं, म्हणून लाल पेशींसाठी ४३६ वर वाचतात. प्लाझ्मात जे मोजलं जातं ते प्रामुख्यानं ब्युटिरिलकोलिनएस्टरेज असतं, मेंदूतला विकर नव्हे.

दुसरा भाग, कोंबडीचं आतडं. इथे विकर नाही, रिसेप्टर बोलतो. आतडं अॅसिटिलकोलीननं आकुंचन पावतं आणि तरफ ते कागदावर किंवा सेन्सर पडद्यावर उमटवतो. टायरोड (आतडं जिवंत ठेवणारं क्षारांचं द्रावण) एक लिटरसाठी: सोडियम क्लोराइड ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.२, मॅग्नेशियम क्लोराइड ०.१, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०५, सोडियम बायकार्बोनेट १, ग्लुकोज १ आणि कॅल्शियम क्लोराइड ०.२ ग्रॅम. कॅल्शियम वेगळ्या पाण्यात विरघळवून अगदी शेवटी, हलवत हलवत घाला, नाहीतर पांढरा साका बसतो आणि साक्यात गेलेलं कॅल्शियम आतड्याला मिळत नाही. ग्लुकोज वापरायच्या दिवशीच घाला.

कोंबडीच्या आतड्याला दोन सीकम (एका टोकाला बंद पिशव्या) असतात, त्यांच्याशेजारचा भाग इलियम, तो घ्या. दुकानदाराला सकाळी उपाशी पक्ष्याचं आतडं द्यायला सांगा, भरलेलं आतडं धुताना फाटतं. थंड टायरोडमध्ये आणा, पिपेटनं हलक्या हातानं आतून धुवा, बोटांनी पिळू नका. दोन-तीन सेंटीमीटरचा तुकडा, अर्धा ते एक ग्रॅम ताण, ३७ अंश, हवेचे बुडबुडे सतत. अर्धा ते पाऊण तास स्थिरावू द्या आणि दर दहा मिनिटांनी द्रावण बदला. बुडबुडे फार मोठे असले की तरफ थरथरते आणि नवखा त्यालाच आतड्याची हालचाल समजतो.

बाथ २५ मिलीचा असेल तर अॅसिटिलकोलीनचं १० मायक्रोग्रॅम दर मिली द्रावण ०.१, ०.२, ०.४, ०.८ मिली असं दुपटीनं द्या. ३० सेकंद आधाररेषा, ३० सेकंद औषध, मग धुणं, आणि एकूण चक्र पाच मिनिटांचं. हे चक्र घड्याळ लावून पाळा. अॅसिटिलकोलीनची पावडर हवेतला ओलावा ओढते, आणि साध्या पाण्यातलं, त्यातही अल्कलीकडे झुकलेलं द्रावण लवकर निकामी होतं. साठ्याचं द्रावण ५ टक्के सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेटमध्ये करून थंड ठेवा आणि पातळ त्याच दिवशी करा. ‘सकाळी प्रतिसाद चांगला होता, दुपारी आतडं मेलं’ अशा तक्रारीत बहुतेकदा आतडं ठीक असतं आणि औषध मेलेलं असतं. नवं द्रावण करून बघितलं की लगेच कळतं.

मग अॅट्रोपिन. दर मिलीला ०.६ मिग्रॅचं इंजेक्शन १००० पट पातळ करा आणि त्यातलं ०.१५ मिली बाथमध्ये घाला, साधारण १० नॅनोमोलर होतं. पुढे धुताना हेच प्रमाण टायरोडच्या साठ्यातही ठेवा आणि २०-३० मिनिटं थांबा. आता तोच प्रतिसाद मिळवायला अॅसिटिलकोलीन कितीतरी पट जास्त लागेल, पण पुरेसं दिलं तर उंची तीच येईल. मात्रा आणि आकुंचनाची उंची यांचा आलेख उजवीकडे सरकला आणि माथा तसाच राहिला, तर ती रिसेप्टरवरची स्पर्धा. माथाच खाली आला तर दुसरं काहीतरी घडतंय, किंवा आतडं थकलंय.

शेवटचा प्रयोग दोन्ही भाग जोडतो. अॅट्रोपिन नसलेल्या ताज्या तुकड्यावर थोडं निओस्टिग्मिन ठेवून अॅसिटिलकोलीनचा आलेख काढा, तो डावीकडे सरकेल. मग पायलोकार्पिन घेऊन तेच करा. डोळ्याचे २ टक्क्यांचे थेंब पातळ करून चालतात, फक्त त्यातल्या संरक्षकासाठी वेगळं कंट्रोल ठेवा. पायलोकार्पिन त्याच रिसेप्टरवर काम करतं, पण कोलिनएस्टरेज त्याला तोडत नाही. त्याचा आलेख जवळपास जागेवरच राहिला, तर निओस्टिग्मिन रिसेप्टरला संवेदनशील करत नाही, तोडणारा विकर अडवतं, हे सिद्ध झालं. दोन्ही आलेख सरकले तर निओस्टिग्मिन जास्त झालंय. आतड्यातून आपोआप सुटणारं अॅसिटिलकोलीन साचून आधाररेषाच वर चढलेली असेल. दहा पट कमी करून पुन्हा करा.

राहिल्या वनस्पती. वेळ उरला तर एकच घ्या, आणि तीही पहिल्या भागात. अर्कातले टॅनिन जवळपास कुठल्याही प्रथिनाला धरतात, म्हणून मिळालेला अवरोध या विकरापुरता आहे असं लगेच म्हणता येत नाही. अर्काचा स्वतःचा रंग ४१२ वर वाचला जातो. अर्कातले काही घटक डीटीएनबीशी थेट जुळतात, तर काही थायोकोलीन आणि डीटीएनबीची जुळणीच अडवतात, आणि मग विकर धडधाकट असूनही अवरोध दिसतो. ही शेवटची गफलत पकडायला विकराशिवाय, कुठलंही साधं थायॉल (सल्फहायड्रिल गट असलेलं संयुग, सिस्टीन चालेल) आणि डीटीएनबी घेऊन अर्कासह आणि अर्काशिवाय रंग बघा. दोन्हीकडे सारखा आला तरच पुढे जा. विद्रावक म्हणून डीएमएसओ टाळा, तो अगदी कमी प्रमाणातही या विकराला दाबतो. मेथॅनॉल वापरलंत तर क्युव्हेटमध्ये एक टक्क्याच्या आत ठेवा आणि तेवढंच मेथॅनॉल कंट्रोललाही घाला. धोत्रा सोडून द्या. त्यातलं अॅट्रोपिन आणि स्कोपोलामिन रिसेप्टरवर काम करतं, विकरावर नाही, त्यामुळे पहिल्या भागात त्याचं काहीच दिसणार नाही. दुसऱ्या भागात जे दिसेल ते मोजमाप केलेल्या इंजेक्शननं जास्त स्वच्छ दिसतं. बिया घरी खलून अर्क करताना विषबाधा होते ती वेगळीच.

खरेदी आधी उरका. डीटीएनबी आणि अॅसिटिलथायोकोलीन नागपूरच्या विक्रेत्याकडे बहुधा मागवूनच मिळतात आणि त्यात आठवडे जातात. अॅसिटिलथायोकोलीन उन्हाळ्यात एसटीच्या पार्सलनं येत असेल तर बर्फाच्या डब्यातून पाठवायला सांगा आणि आल्याबरोबर फ्रीजरमध्ये ठेवा. ते येईपर्यंत बफर करा, भेजा वाटायचा सराव करा, पिपेट वजनानं तपासून घ्या (१०० मायक्रोलिटर डिस्टिल्ड पाणी ०.१ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं). पहिल्या दिवशी औषध न घालता तोच नमुना सहा वेळा वाचा. सहा वेगांमधला फरक दहा टक्क्यांच्या वर असेल तर औषधाकडे जाऊ नका, पिपेट, तापमान आणि मिसळणं यांत दोष शोधा. अडलं तर ते सहाही वाचनांचे कच्चे आकडे, दर ३० सेकंदांचे, तापमानासह इथे लिहा. नुसते टक्के लिहिलेत तर कुठे चुकलं हे सांगता येत नाही.